पडद्याच्या उजव्या बाजूला

१६ ऑक्टोबर, दुपार

प्रिय फिरकी,

तू बरी आहेस असं धरून चालते. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून ते न उघडताच कपाटावर टाकशील अशी धास्ती आहे. पण उघडलंसच, तर आधी एक जुनी गोष्ट वाच, मग पुढचं.

आपल्या कॉन्व्हेंटमधली शिवणाची खोली आठवते ना? उंच खिडक्या, ओळीने मांडलेली मशिनं, आणि तेलाचा तो वास, जो डबा खातानाही बोटांना यायचा. एकदा मशिनं दुरुस्त करायला सिस्टरांनी ज्याला बोलावलं, तो नेमका तुझा दादा निघाला. खाकी पिशवी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. तू चटकन टेबलाखाली गेलीस.

"काय शोधतेस?" सिस्टरांनी विचारलं.

"सुई पडली, सिस्टर."

तो मशीन उघडून, पुसून, जोडून मोकळा झाला, तरी तुझी सुई काही सापडेना. जाताना त्याने पिशवीतली एक सुई तुझ्या मशीनवर ठेवली आणि म्हणाला, "ही घ्या. तुमचीच असेल." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. संध्याकाळी घरी जाताना तू त्याला दप्तराने झोडपलंस. "मला तुम्ही म्हणतोस? सख्ख्या बहिणीला?" तो हसत मार चुकवत म्हणाला, "ओळख दाखवली असती तर तू टेबलाखालून बाहेरच आली नसतीस." मी तुमच्या मागून चालत होते. मला ते हसणं आवडलं. पुढचं तुला माहीतच आहे.

आता बातम्या. माझा गुडघा दुखतो, पण जिना चढवतो. समोरच्या इमारतीला रंग दिला, तो इतका पिवळा की सकाळी आमच्या स्वयंपाकघरातही पिवळा उजेड येतो. आणि खरी बातमी अशी की ज्या साइटवर तुझे दादा दर शनिवारी मशीन दुरुस्ती लाइव्ह दाखवायचे, ती साइट या महिनाअखेरीला बंद होतेय. 'इतकी वर्षं सोबत दिलीत, आभार' असं पत्र आलं ईमेलने. पहिल्या तारखेपासून ते पान उघडणार नाही. म्हणजे ते सगळे शनिवार जाणार.

तू म्हणशील, मला काय त्याचं, मी कधी बघितलं? बरं.

व्हिडिओ जपून ठेवावेत म्हणून शोधायला गेले, तर त्या पानावर डाउनलोडचं बटणच नाही. बघायचं तेवढं बघा, घरी न्यायचं नाही. साइटवाल्यांना लिहिलं, उत्तर नाही. मग मी स्वतःच वाचत बसले. शाळेतलं इंग्रजी म्हातारपणी असं कामाला येईल हे सिस्टरांना कळलं असतं तर त्यांनी मला इतके निबंध पुन्हा लिहायला लावले नसते. वाचता वाचता कळलं की या कामासाठी फुकट सॉफ्टवेअर असतं. कुणी कुठे बसून लिहिलंय, त्यांना आपलं नाव ठाऊक नाही, आपल्याला त्यांचं. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

त्यातलं पहिलं म्हणजे नुसती एक काळी खिडकी. तिच्यात व्हिडिओचा पत्ता चिकटवायचा आणि एंटर दाबायचं. आकडे पळायला लागतात आणि चहा उकळेपर्यंत अख्खा शनिवार फाइल होऊन फोल्डरमध्ये येऊन बसतो. पहिली फाइल उघडली आणि ह्यांचा आवाज आला, "हं, उजेड नीट पडतोय का सांगा," तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आठवडाभरात सगळे शनिवार घरात.

पण त्या फाइलमध्ये काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. हे बोलता बोलता मध्येच थांबायचे, उजवीकडे बघायचे, हसायचे आणि कुणाला तरी उत्तर द्यायचे. कुणाला, ते कळायला मार्ग नाही. मग लक्षात आलं. साइटवर पडद्याच्या उजव्या बाजूला बघणाऱ्यांच्या ओळी एकाखाली एक येत असत. त्या व्हिडिओच्या आत नसतातच. काळी खिडकी फक्त माणूस उतरवून आणते, त्याच्याशी बोलणारे तिथेच राहतात.

आणि त्या ओळींमध्ये तू होतीस, फिरकी.

रागावू नकोस. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'निळा दोरा' असं नाव घेऊन कुणीतरी विचारलं, "मास्तर, माझं मशीन चाक आधी थोडं उलटं फिरवल्याशिवाय चालतच नाही, काय करू?" हे बोलायचे थांबले. मग कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "निळा दोरा विचारतात. ताई, असं मशीन मी आयुष्यात एकच पाहिलंय. त्याला काही करू नका. त्याची ती खोड आहे." ते मशीन तुमच्या आईचं. आणि ते तेव्हा तुझ्याकडे नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. त्याच्यावरूनच तर तुम्हा दोघांचं वाजलं होतं.

तेव्हापासून दर शनिवारी हे सुरुवात लांबवायचे. रुमालाने उगाच मशीन पुसत बसायचे आणि म्हणायचे, "थांबा जरा, काही मंडळी अजून यायची आहेत." उजवीकडे निळा दोरा उगवला की लगेच, "हं, तर आज बॉबिन केस." वर्ष-दीड वर्ष तुम्ही बहीणभाऊ असे बोललात, तू विचारायचीस, ते "तुम्ही तुम्ही" करून उत्तर द्यायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि हसू दाबायचे.

म्हणून काळी खिडकी बाजूला ठेवली आणि दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. हे पडद्यावर जे दिसतं ते जसंच्या तसं टिपतं, उजव्या बाजूसकट. पण व्हिडिओ पूर्ण लावून ठेवावा लागतो. तासाभराचा असला तर तासभर. पहिल्यांदा कॉम्प्युटर मध्येच झोपला आणि फाइलमध्ये अर्धा वेळ काळोख आणि काळोखातून ह्यांचं बोलणं. दुसऱ्यांदा पडद्याच्या मधोमध औषधाच्या दुकानाची जाहिरात येऊन बसली. मग ते सगळं बंद करायला शिकले. आवाज टिपायला त्यात दोन हिरव्या पट्ट्या असतात, बोलणं सुरू झालं की नाचतात. एक कॉम्प्युटरच्या आतल्या आवाजाची, दुसरी माइकची. मला वाटलं, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून दिलेली आहे. दोन्ही चालू ठेवल्या. त्या चुकीकडे मी येतेच.

तू विचारशील, एवढा आटापिटा कशाला? माणूस घरात बसलाय की. पुन्हा कॅमेरा लावा, पुन्हा बोलतील.

कसं सांगू. हे पान मी दोनदा फाडलंय.

मी तुला वर्षातून एकदोनदा फोन करायचे, ते आठव. तू विचारायचीस, "तो आहे का जवळ?"

"आहे."

"बोलणार नाही ना?"

मी ह्यांच्याकडे बघायचे.

"विचार तरी त्याला."

हे समोर उभे असायचे. मान हलवायचे, नाही म्हणून. शेवटच्या वेळी तू म्हणालीस, "राहू दे वहिनीबाई, मला उत्तर मिळालं," आणि फोन ठेवलास. जन्मात पहिल्यांदा तू मला वहिनी म्हणालीस ते असं, चिमटा काढायला. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस. निळा दोराही शेवटी एकदा लिहून गेला होता, "मास्तर, शनिवार बंद का केलेत? आमच्याशी बोलायचं नाही का?" ती ओळ साइटवर तशीच लटकून आहे, उत्तराशिवाय.

फिरकी, ह्यांना बोलता येत नाही. दोन वर्षं होऊन गेली. घशात गाठ होती, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला पुढून एक छोटं भोक आहे, श्वास तिथून चालतो. नाकातोंडातून वारा जात नाही, म्हणून आवाजही नाही, कुजबुजही नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ह्यांनी एकदाच लावलं, त्यातून जे बाहेर आलं ते ऐकलं, आणि पाटीवर लिहिलं, 'हा कोण?' ते यंत्र डब्यात आहे.

मी तुला कळवायला फोन हातात घेतला होता. ह्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला. अजून टाके होते गळ्याला. पाटीवर लिहिलं, 'फिरकीला सांगायचं नाही.'

"का?"

'तिला ती बोललेलं आठवेल.'

काय ते मला विचारावं लागलं नाही. आईंचं मशीन ह्यांनी तुला न विचारता खालच्या मजल्यावर फ्रॉक शिवणाऱ्या बाईंना देऊन टाकलं, त्या दिवशी आमच्या दारात उभी राहून तू म्हणाली होतीस, "तुझा आवाज पुन्हा माझ्या कानावर पडायला नको." रागात माणूस बोलतं. मीही भावांना याहून वाईट बोलले आहे. पण ह्यांचं म्हणणं, हे कळलं तर ती जन्मभर ते वाक्य उशाशी घेऊन झोपेल. त्यापेक्षा मी हट्टी आहे असं समजू दे. रागावलेली बहीण परवडली. मी म्हटलं, निदान दोन ओळींचा मेसेज तरी करा. लिहिलं, 'ती लगेच फोन करेल. तिला तू ओळखत नाहीस?' ओळखते की. म्हणून मी हात टेकले, शब्द दिला आणि मूग गिळून बसले.

तो शब्द आज मोडतेय. आता का, ते सांगते.

टिपायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून हे उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी कानाला इयरफोन लावून काम करायला लागले. तर एक दिवस मागून येऊन ह्यांनी इयरफोनची वायर ओढून काढली आणि खुर्ची घेऊन बसले. ऐकलं थोडा वेळ. मग पाटी. 'हा माणूस फार बोलतो.' मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणीच राहिलं. पुढे रोज बसायला लागले. स्वतःनेच सांगितलेलं चुकलं की बोटाने टेबलावर टकटक करायचे. "तेलाचे दोन थेंब" असं पडद्यावरचे म्हणाले की इथले टकटक करून एक बोट दाखवायचे.

परवा एक शनिवार लावून मी खाली औषधं आणायला गेले. परत आले तोवर व्हिडिओ संपला होता, हे खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. फाइल ठीक आहे ना बघावी म्हणून मी काल ती उघडली, आणि तेव्हा मला माझी चूक कळली. माइक चालू होता. आजवर टिपलेल्या प्रत्येक शनिवारात आमचं घर शिरलंय. ह्यांच्या आवाजावर माझी भांडी, कुकरसारखी फुसफुसणारी आमची चहाची किटली, जिन्यातला कुत्रा, आणि माझी एकटीची बडबड, "सूप थोडं घ्या हो, असं काय करता." मला रडूच आलं. अर्धा महिना सरला, सगळं पुन्हा करायला वेळ कुठला?

मग परवाच्या फाइलशी आले. तो शनिवार कोणता होता सांगते. ह्यांचा आवाज बसलेला ऐकू येतो, शब्द मध्येच खरवडल्यासारखा निघतो. आम्हाला घरात ते जाणवलं नव्हतं. रोज ऐकणाऱ्याला जाणवत नाही. उजव्या बाजूला निळा दोरा लिहितो, "मास्तर, कितीतरी शनिवार ऐकतेय, घसा बसलेलाच आहे. गोळ्या चघळू नका, डॉक्टरला दाखवा." हे हसतात. "निळा दोरा, मशीनचं विचारा. मास्तरचं नको." लगेच पुढची ओळ. "मशीनचंच विचारतेय. दाखवा."

सोमवारी हे दवाखान्यात गेले, फिरकी. दवाखान्याचं माझं त्यांनी कधी ऐकलं नाही, तुझं ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर झाला असता तर ऑपरेशनही करता आलं नसतं. मी त्यांना तेव्हाच विचारून घेतलं होतं, गाठ केव्हापासून असेल. ते म्हणाले, खूप आधीपासून. म्हणजे तुमच्या भांडणाच्याही आधीपासून. तेव्हा ते दारातलं वाक्य तू उशाशी घेऊ नकोस. घ्यायचीच असली तर ही ओळ घे. या ओळीने आम्हाला ही दोन वर्षं दिली. त्या काळ्या खिडकीच्या फाइलमध्ये ती नाही. तिथे नुसते हे हसताना दिसतात, आणि का ते कळत नाही.

आणि परवा, मी घरात नसताना, तुझी ओळ पडद्यावर आली तेव्हा माइकने काय टिपलंय ते सांगते. खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज. मग गळ्यातून श्वास आत जातो तो, शिट्टीसारखा. मग ओठांचा आणि जिभेचा आवाज, नुसत्या तोंडात उरलेल्या हवेचा, अगदी बारीक. मी इयरफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. आवाज नसलेल्या माणसाचा 'फ' ऐकू येतो. 'क' ऐकू येतो. मधलं काही येत नाही. ते पुन्हा म्हणतात. तिसऱ्यांदा म्हणतात. वर पडद्यावरचे मास्तर शटल कसं पुसायचं ते सांगतच असतात.

मी ती फाइल पुसली नाही. माइकही बंद केला नाही. उरलेले शनिवार माइक चालू ठेवूनच टिपतेय, आणि ते लागले की मी काही ना काही निमित्त काढून खाली जाते.

आता शेवटची बातमी. गाठ परत आली आहे. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. "घरी आरामात ठेवा, त्यांना आवडेल ते करा," म्हणाले. मी किती दिवस असं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हे सगळं समजून आहेत. खुर्चीत पूर्वीइतका वेळ बसवत नाही, म्हणून मी कॉम्प्युटर पलंगाजवळ नेलाय.

हे पत्र मी त्यांच्या देखत लिहितेय. मघाशी त्यांनी विचारलं, भुवया उडवून, कुणाला? मी म्हटलं, "गॅसवाल्याला." त्यांनी पाटी घेतली, बराच वेळ हातात धरली, आणि काही न लिहिता ठेवून दिली. मग कूस बदलून माझ्याकडे पाठ केली. गॅसवाल्याला कुणी इतकी पानं लिहीत नाही, हे त्यांना कळतं. नाही म्हणायचं असतं तर त्यांनी म्हटलं असतं.

फोनवर मला हे सांगता आलं नसतं. घर लहान आहे आणि कान त्यांचे शाबूत आहेत.

आता कुणाला काय द्यायचं ते आम्ही दोघांनी ठरवलंय. मी विचारत गेले, ते मान हलवत गेले. तुला माहीत असावं.

काळ्या खिडकीतून उतरवलेले शनिवार, नुसतं चित्र आणि आवाज, यांच्या दोन प्रती. एक शिवण शिकवणाऱ्या संस्थेला, त्यांनी पूर्वी मागितली होती. दुसरी खालच्या फ्रॉकवाल्या बाईंना. आईंचं मशीन त्यांच्याकडेच राहू दे. त्या ते रोज चालवतात, आणि रोज चाक आधी उलटं फिरवतात. तू एकदा त्यांच्याकडे जाऊन बघ, मग तुझा राग किती उरतो ते तूच ठरव.

हत्यारांची खाकी पिशवी ह्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात मदतीला येणाऱ्या बाईंना. दुकानही त्याच चालवतील.

बोलायचं यंत्र दवाखान्याला परत. दुसऱ्या कुणाचं कदाचित त्याच्याशी जमेल.

पाटी मला. ती मी पुसणार नाही.

आणि उजव्या बाजूसकट टिपलेले शनिवार, आमच्या घरातल्या सगळ्या गोंधळासकट, ते तुला. फक्त तुला. कुणाला ऐकवू नकोस, इयरफोन लावून ऐक. एका पेनड्राइव्हमध्ये भरून त्याच्यावर तुझं नाव चिकटवलंय. तो पोस्टाने पाठवत नाही. ह्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलाय, त्यांचा हात पोचेल असा. तो तुला ते स्वतःच्या हाताने देतील. तेव्हा उशीर करू नकोस, आणि आल्यावर बोल. खूप बोल. ऐकायला ते आहेत.

वाट बघणारी,
तुझ्या मागच्या बाकावरची